मृगातलं वाचन

पुण्या-मुंबईच्या कादंबरीत पाऊस सुरू झाला की नायक उदास होतो. गॅलरीत उभा राहतो, कॉफी गार होऊ देतो आणि कधीकाळी सोडून गेलेली कोणीतरी त्याला आठवते. चिखली तालुक्यात बसून हे पचवणं जड जातं. मृग कोरडा चाललाय, बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्यात, आभाळ नुसतं येऊन जातंय, अशा दिवसांत पाऊस पाहून उदास झालेल्या माणसाला गावाने धरून दवाखान्यात नेलं असतं. असली एक कादंबरी परवाच संपवली. नाव सांगत नाही, लेखक भला माणूस असावा. त्यातलं एक पान वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याले म्हना, कॉफी पिऊन घे अन् पेराले लाग."

पावसाची वाट पाहण्याला काही खर्च येत नाही आणि वेळ भरपूर मिळतो, म्हणून माझं बरंचसं वाचन याच दिवसांत होतं. यंदा सुरुवात केली सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'पासून, पुन्हा एकदा. कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला, आणि लेखक आमच्याच तालुक्यातल्या अमडापूरचे. म्हणजे वाईट बोलायची चोरी. तसंही आमच्या भागात ती कोणी कादंबरी म्हणून वाचत नाही. जो तो ती कोणाच्या तरी घरावर नेऊन लावतो. एम.ए. बी.एड. करून नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत म्हणून शेतात अडकलेला एकनाथ गावोगाव आहे, त्यामुळे दावेदारही पुष्कळ. आमच्या घरात तर एकनाथ विरुद्ध त्याची बायको अलका हा खटला अजून निकाली निघालेला नाही. मी एकनाथाच्या बाजूने. बायकोचं म्हणणं, शिकलेला नवरा आज ना उद्या नोकरीला लागेल असं बाईला वाटलं तर तिचं काय चुकलं? हे ती माझ्याकडे पाहत म्हणते, म्हणून मी चर्चा साहित्याबाहेर जाऊ देत नाही. माझं मत विचाराल तर पैशाची चणचण घरातल्या बोलण्यात कशी उतरते आणि साध्या गोष्टीवरून भांडण कसं पेटतं, हे इतकं नेमकं मराठीत फार थोड्यांना जमलंय. फक्त पेरणीच्या तोंडावर ती हातात घेऊ नये. ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटने डॉक्टरीचं पुस्तक उघडावं, तसं होतं.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) शेजारच्या काकूंनी नेली आणि कव्हरला फोडणीचा वास लावून परत आणली. निकाल उभ्या उभ्याच दिला, "लय सोसते थे कवतिक. मी असती तं त्या महादेवाले कवाच हाकललं असतं." महादेवावर, म्हणजे कवतिकच्या नवऱ्यावर, याहून जास्त लिहायची गरज मलाही वाटत नाही.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चं अकादमी मिळालं. धरणापायी उठलेलं गाव आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस, एवढ्यावर माणूस पूर्ण कादंबरी पेलतो हे पाहून मी तर थक्क झालो. गाव उठणं म्हणजे काय, हे जिगाव प्रकल्पामुळे नांदुऱ्याकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. आमच्या दूधवाल्याला गोष्ट सांगितली, तर त्याचा पहिला प्रश्न, "दूध किती देत होती?"

'हिंदू'बद्दल थोडक्यात. नेमाड्यांचा खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावला पोचेपर्यंत आमची तूर निघते. पण सोडवत नाही. नंदा खरे यांच्या 'उद्या'ने मात्र जरा निराशा केली, आणि दोष त्यांचा नाही. २०२० चा अकादमी पुरस्कार नाकारणारा हा लेखक, त्याची हुशारी वादातीत. उद्याच्या जगात प्रत्येकावर पाळत असेल, असं ते बजावतात. आमच्याकडे सकाळी अर्धा किलो मटण घेतलं तर दुपारी पाहुणे कोण आले याची चौकशी सुरू होते. यात उद्याचं काय?

लॅटिन अमेरिकेचंही मला आता अप्रूप उरलेलं नाही. मार्केसच्या माकोंदोत गावाला झोप न येण्याची साथ लागते, तर जगाने त्याला डोक्यावर घेतलं. आमच्या लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत बायामाणसांचे केस हातात येऊ लागले, बघता बघता टक्कल पडलं, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ गावात उतरले. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचं भाकीत सांगतात. पाऊस कुठे कमी, कुठे जास्त. इतकं अनेकार्थी वाक्य नवकादंबरीलाही साधलेलं नाही. एवढा माल दारात पडलेला असताना आमच्याकडचा नवा लेखक लिहितो काय? दुष्काळ, सावकार आणि फास. हे खोटं आहे असं नाही. पण फास खरा असला तरी त्याच्या आधीची पन्नास वर्षंही खरीच असतात ना? त्यात माणूस हसतो, लग्नात रुसतो, पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावताना स्वतःचंच धोतर रंगवून घेतो. ते कोणी लिहायचं?

गावातल्या एका पोराने कादंबरी लिहायला घेतलीय. वही घेऊन घरी आला. बापही आला, कारण गाडी बापाची. पहिलं प्रकरण दुष्काळ. दुसऱ्यात बाप गळफास घेतो. पोरगा आवाज लावून वाचत होता, बाप अडकित्त्यात सुपारी कातरत ऐकत होता. अडकित्ता थांबला.

"म्हंजे मी दुसऱ्याच धड्यात मरतो?"

"तुमी नाही हो बाबा. थे पात्र हाये."

"पात्राले चार एकर हाये, बैलजोडी विकेल हाये, अन् डाव्या पायानं लंगडते. मंग कोन हाये थो?"

मी मधे पडलो. शोकांतिकेला असं काही लागतं, म्हणून सांगितलं.

"लागत असन," बाप म्हणाला. "पन जराक लांबव ना बापा. मराचं दिवाळीनंतर पाहू, सोयाबीन तं निघू दे."

पोराने वहीतलं 'दुसरं' खोडून 'नववं' केलं. बापाने वाकून पाहिलं आणि विचारलं, "सारे मिळून किती हायेत?"