पलीकडचे काका

मुंबई विमानतळावर पहाटे आमच्या गटाला नारिंगी टोप्या वाटल्या. एकवीस जणांनी त्या मुकाट्याने डोक्यावर चढवल्या. बाविसाव्याने टोपी हातात उलटीपालटी केली आणि शेजारच्या रांगेकडे पाहिलं. तिथे दुसऱ्या कंपनीचा गट होता, निळ्या टोप्यांचा. काका तिकडे गेले, दोन मिनिटं बोलले आणि एखाद्या घरी वाईट बातमी सांगायला जावं तसा चेहरा करून परत आले.

"त्यांना मानेची उशी दिलीय."

तोवर त्या उशीची गरज कुणालाच वाटली नव्हती. विमान उतरेपर्यंत मात्र सगळ्यांच्या माना दुखायला लागल्या होत्या. आणि काकांचं नाव पडलं होतं: पलीकडचे काका.

अशी माणसं मी आधीही पाहिली होती. लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या पानातल्या श्रीखंडाकडे न बघता शेजारच्याला वाढलेला गोळा डोळ्यांनी मोजणारी. बँकेत रांग बदलली की जुनी रांग कशी भराभर पुढे सरकतेय हे मागच्याला दाखवणारी. त्यांना कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. काकांनी आफ्रिकेच्या सहलीचे पैसे एका फटक्यात भरले होते आणि भरल्याचं दुःख कधी बोलून दाखवलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती. आपण जिथे नसतो तिथेच काहीतरी चाललेलं असतं, अशी त्यांची खात्री होती.

निघण्यापूर्वी काकांनी सात कंपन्यांची माहितीपत्रकं जमवून तक्ता केला होता. रात्री किती, प्राणी बघायच्या फेऱ्या किती, गाडी व्हॅन की लँड क्रूझर, खिडकी प्रत्येकाला की आळीपाळीने. हा तक्ता प्लास्टिकचं आवरण चढवून सोबत आणला होता. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, एवढंच टूर लीडर पोराने निघायच्या आधी सगळ्यांना बजावलं होतं. त्यामुळे काकूंनी जुन्या साडीच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत चिवडा, चकल्या आणि भाजणी भरली. तक्त्याचं आवरण पिशवीत मोडतं का, यावर काकांनी विमानात दोघांचं मत घेतलं. पिवळ्या तापाची लसही सगळ्यांनी दहा दिवस आधी टोचून घेतली होती. लस तीच, पिवळं कार्डही तेच. तरी निळ्या टोपीवाल्यांना कमी दुखलं, असं काकांनी चौकशीअंती जाहीर केलं.

नैरोबीहून मसाई माराकडे जाताना रस्ता एकदम कड्यावर येतो आणि खाली रिफ्ट व्हॅली पसरलेली दिसते. पुण्याहून कोकणात उतरताना घाटात पोटात होतं तसंच इथेही होतं, फक्त समोर कोकणाऐवजी अर्धी आफ्रिका असते. त्या उतारावर एक इवलंसं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांना या रस्त्याच्या कामाला जुंपलं होतं. 1942 मध्ये ते त्यांनीच बांधलं. सगळे चर्चचे फोटो काढत होते. काका मागच्या वळणावर थांबलेल्या निळ्यांच्या गाड्यांकडे पाहत होते. "तिथून जास्त दिसत असणार. उगाच नाही थांबले."

(ते लघुशंकेसाठी थांबले होते. केनियाचे ड्रायव्हर त्याला 'टायर तपासायचं' असं सभ्य नाव देतात. हे काकांना तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर निळ्यांच्या टायरांची किती काळजी घेतात म्हणून त्यांनी आमच्या ड्रायव्हरला दोनदा सुनावलं होतं.)

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, हसऱ्या डोळ्यांचा गृहस्थ. गाईडही तोच. केनियात वडीलधाऱ्या माणसाला आदराने 'मझे' म्हणतात, म्हणून तो सकाळी दार उघडून "मझे!" अशी हाक मारी. 'मजेत ना?' असं विचारतोय समजून काका रोज उत्तर देत, "कसली मजा?"

दोघांचं गोत्र जुळलं ते शब्दांवरून. नारोकच्या पुढे खडीचा पट्टा आला, गाडी नाचायला लागली आणि ड्रायव्हरने तिकडच्या सगळ्या ड्रायव्हरांचा ठेवणीतला विनोद केला: हा आफ्रिकन मसाज, पैसे पडत नाहीत. काकांनी ताबडतोब विचारलं, गाडी उलटली तर? तो म्हणाला, "बीमा या गारी." काका सरसावून बसले. गारी म्हणजे गाडी, बीमा म्हणजे विमा! मग पुढचा तासभर दोघांचा व्यवहार चालला. हिशेबाला हेसाबू, पैशाला पेसा, दुकानाला दूका, चहाला चाय, चपातीला चपाती. काही शब्द अरबांच्या गलबतांतून आले, काही आपल्याकडच्या दुकानदारांबरोबर गेले. 'सफारी'सुद्धा स्वाहिलीत नुसता प्रवास, आपल्या 'सफर'चीच चुलत बहीण. काका इतके खुलले की नारोक ते सेकेनानी गेट या टप्प्यात त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या नोंदीत हा त्यांचा सर्वांत दीर्घ सुखाचा काळ आहे.

गेटवर तो संपला. जुलै ते डिसेंबर या हंगामात परदेशी पाहुण्याला माराचं प्रवेशशुल्क माणशी, दिवसाला 200 डॉलर पडतं, आणि दिवस म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. पैसे आम्ही आधीच भरलेले होते, पण आकडा पाटीवर वाचल्यावर काकांनी भागाकार केला. मिनिटाला पंचवीसेक रुपये. पहिलाच सिंह दिसला तो पोट वर करून झोपलेला. सिंह दिवसाचे पंधरा-वीस तास झोपूनच असतो, हे ड्रायव्हरने सांगितलं. बाकीचे लोक श्वास रोखून त्याच्या पंज्यांची गुलाबी गादी बघत होते. काकांनी घड्याळ बघितलं. "सव्वातीनशे रुपये झाले. कूस तरी बदल म्हणावं."

पण खरी गंमत त्या वायरलेसची. प्रत्येक गाडीत तो खरखरत असतो आणि ड्रायव्हर एकमेकांशी स्वाहिलीत बोलतात. सिंबा म्हणजे सिंह हे आता आपल्याकडे बालवाडीतल्या पोरालाही माहीत आहे, म्हणून ते बहुधा टोपणनावं वापरतात, नाहीतर पाहुणे सीटवरून उठून ओरडायला लागतात. काकांना स्वाहिली येत नव्हती, पण दुसरीकडे काहीतरी आहे एवढं सुरावरून कळायचं. खरखर झाली की ते म्हणत, "काय म्हणतोय? कुठे आहे? आपण का नाही तिथे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एका झुडपाच्या सावलीत चित्त्याची मादी बसली होती. दोनशे पावलांवर थॉमसन गॅझेलांचा छोटा कळप. तिची शेपटी हलायची थांबली, कान सपाट झाले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. काका छतातून बाहेर उभे होते, पण त्यांची दुर्बीण दक्षिणेला.

"तिकडे आठ गाड्या आहेत."

ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, इथेच थांबू. काका म्हणाले, आठ गाड्या उगाच थांबत नाहीत. इथला नियम असा की एका प्राण्यापाशी पाचापेक्षा जास्त गाड्यांनी थांबायचं नाही. म्हणजे आठ थांबल्यात तर ते नियम मोडण्याइतकं मोठं काहीतरी असणार. हा युक्तिवाद ऐकून दोन डळमळीत मतदार फुटले. गाडीत सहा पाहुणे, बहुमत झालं. गवतातून आडवं जायला बंदी, म्हणून आखलेल्या वाटेने मोठा वळसा घालून आम्ही पंधरा मिनिटांनी पोचलो.

पंक्चर होतं.

निळ्यांच्या एका गाडीचं मागचं चाक. एक ड्रायव्हर जॅक लावून गुडघ्यावर बसलेला, बाकीचे चारही बाजूंना सिंहाकडे लक्ष ठेवून उभे. सात गाड्यांतले पाहुणे पंक्चरचे फोटो काढत होते. आम्ही नववे पोचलो. तेवढ्यात वायरलेस खरखरला आणि आमच्या ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. आम्ही निघाल्यावर चारच मिनिटांनी चित्त्याने शिकार केली होती.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण त्यांच्याकडे जॅक चांगला होता."

निळ्यांच्या त्या ड्रायव्हरशी बोलताना एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या गाड्या आणि आमच्या गाड्या नैरोबीच्या एकाच मालकाच्या. पुण्यामुंबईच्या बऱ्याच कंपन्या तिकडचं काम स्थानिक माणसाकडेच सोपवतात. इथे माहितीपत्रकं वेगळी, टोप्या वेगळ्या, तिकडे मुदपाकखाना एक. या बातमीने काका सुटतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली. "त्यांची धुतलीय," म्हणाले.

छावणीत आमचे तंबू रांगेत होते. तंबू म्हणजे आत पलंग, संडास, गरम पाणी, सगळं. काकांना सात नंबर मिळाला. अकरा नंबर नदीच्या अगदी काठावर. काकांनी अकरावाल्या नवविवाहित जोडप्याशी वाटाघाटी करून, मेथीचे लाडू देऊन, तंबू बदलून घेतला. रात्री पाणघोडे नदीतून गवत खायला वर येतात. त्यांचं हसणं म्हणजे दमेकरी मामलेदाराने विनोदाला दाद द्यावी तसं. ते काकांच्या उशापाशी रात्रभर चाललं. त्यात मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, रात्री गारठा. म्हणून छावणीची माणसं पाहुण्यांच्या नकळत पांघरुणात रबराची गरम पाण्याची पिशवी सरकवून ठेवतात. काकांनी अंधारात पाय पसरले. पायाला काहीतरी ऊबदार, मऊ, केसाळ कव्हरातलं लागलं आणि हललं.

भालेवाला पहारेकरी टॉर्च घेऊन धावला तेव्हा काका खुर्चीवर उभे होते आणि काकू ती पिशवी कुशीत घेऊन घोरत होत्या.

काकूंबद्दल लिहायचं राहिलं. त्या जिथे बसवलं तिथे बसत आणि समोर असेल ते बघत. ड्रायव्हरला मुलं किती, थोरली काय शिकते, हे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत झालं. जेवणात सुकुमा विकी नावाची पालेभाजी असायची. नावाचा अर्थ 'आठवडा ढकलणारी', महिनाअखेरीला परवडणारी. ती त्यांनी स्वयंपाक्याकडून शिकून घेतली आणि लसूण वाढवायला सांगितला. तिसऱ्या दिवशी एका झाडाखाली आम्ही उभे असताना त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, शेपूट."

"थांब, त्या गाडीत सगळे उभे राहिलेत."

"अहो, बिबट्या आहे."

"एक मिनिट म्हटलं ना!"

बिबट्या फांदीवरून उठला, आळस दिला, पलीकडून उतरला आणि गवतात गेला. पलीकडचे काका वळले तेव्हा फांदी हलत होती.

सिंह, बिबट्या, हत्ती, आफ्रिकन रानम्हैस, गेंडा यांना 'बिग फाइव्ह' म्हणतात. नाव शिकाऱ्यांनी दिलेलं. पायी शिकार करायला हे पाच सर्वांत अवघड आणि जिवावरचे. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली, तेव्हा बंदूक गेली आणि यादी पर्यटकांच्या हाती आली. शेवटच्या संध्याकाळी नाकुरूला गेंडा दिसला, तेव्हा काकांनी तक्त्यावर चौथी खूण केली आणि टूर लीडरला बाजूला घेतलं. पाचांतले चार, म्हणजे वीस टक्के परतावा. त्या पोराने नम्रपणे विचारलं, की काकूंचे तर पाच झाले. एका तंबूत राहणाऱ्या नवराबायकोत वीस टक्क्यांचा फरक कसा दाखवायचा? काका विचारात पडले. "तिची सीट डावीकडची होती," एवढंच म्हणाले.

मारा नदीचं राहिलं. सेरेंगेटीतून दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट गवताच्या मागे वर येतात आणि या नदीपाशी अडतात. त्या दिवशी आम्ही तीन तास उन्हात उभे होतो. समोरच्या काठावर हजारभर जनावरं, खाली मगरी. पुढचा एक जण पाण्याला तोंड लावी, दचके, मागे वळे. की सगळा कळप मागे. "पोले पोले," ड्रायव्हर म्हणाला; हळूहळू. काकांना दोन किलोमीटरवरचा दुसरा उतार खुणावत होता, पण पंक्चरनंतर त्यांच्या पक्षाचं बहुमत गेलं होतं. आणि मग एकाने उडी टाकली. पुढची दहा मिनिटं नुसती धूळ, डुरकण्या, पाण्यावर शिंगांची माळ. काकांची दुर्बीण गळ्यात लोंबत होती. तोंड उघडं होतं. वर आलेली जनावरं निथळत गवतात पांगली. त्यांतलं एक थांबलं, वळलं, ज्या काठावरून आलं होतं तिकडे बराच वेळ बघत राहिलं आणि पुन्हा पाण्यात उतरलं. पिल्लू चुकलं की आई अशी परत जाते, असं ड्रायव्हर म्हणाला.

काका म्हणाले, "काहीतरी बघितलं असणार तिने तिकडे."

यंदा मे महिन्यात काकांचा फोन आला. ते ताडोब्याला होते, दुसऱ्याच कंपनीबरोबर. गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून रिसॉर्टवर परतल्यावर केलेला. वाघीण दिसली होती, तीन बछड्यांसह, पाण्यात बसलेली. पण आवाजात जीव नव्हता.

"छे हो, याला काय सफारी म्हणायची? जिप्सीला छप्पर नाही. ड्रायव्हर 'मजेत ना' म्हणून विचारतसुद्धा नाही. आपली केनियाची कंपनी म्हणजे कंपनी! आठवतं ना? आपल्या गाडीचं नुसतं पंक्चर झालं, तर बघायला आठ गाड्या थांबल्या होत्या."