परमदानशूर बाजारास अनावृत पत्र

राष्ट्रीय शेअर बाजार, वांद्रे-कुर्ला संकुल, यांस सप्रेम नमस्कार.

29 ऑगस्ट 2008 रोजी आपण चलन-वायद्यांचा विभाग उघडला आणि व्यवहार शुल्क माफ केले. ऑक्टोबरात एमसीएक्स-एसएक्स हा प्रतिस्पर्धी उतरला, तरी आपला हात आखडला नाही. माफीला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. त्या बिचाऱ्याला परवानगी फक्त चलनाची. आपल्याकडे मात्र शेअर आणि त्यांच्या वायद्यांची दुभती खाती होती. स्वतःची चार हॉटेलं जोरात असलेल्याने एकुलत्या खाणावळीच्या दारात रोज भंडारा घालावा, त्यातलं हे पुण्य. भरीला दलालांना ‘नाऊ’ ही संगणकप्रणाली फुकट दिली. त्यांच्या टेबलावर आधीच असलेल्या, प्रतिस्पर्ध्याच्याच समूहाच्या ‘ओडिन’ला मात्र चलन विभागाची जोडणी नाकारली. म्हणजे चलनासाठी वेगळा पडदा उघडायचा, तोही आपलाच.

स्पर्धा आयोगाला हे औदार्य कळलं नाही. त्याने जून 2011 मध्ये 55.5 कोटींचा दंड ठोठावला. अपिलीय न्यायाधिकरणानेही 2014 मध्ये तो उचलून धरला. स्वस्ताई ग्राहकाच्याच हिताची, हा आपला बचाव वरवर बिनतोड आहे. पण बाजारात जिथे विकणारे जास्त तिथेच घेणारे जातात; एकदा गर्दी एका दारी वळली की दुसरं दार उघडणं जवळजवळ अशक्य, आणि मग शुल्क ठरवणार कोण? बाजार बाल्यावस्थेत होता, हेही काही काळ मान्य करू. उलाढाल फुगल्यावरही तो बाळच कसा राहिला? चलनात प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा आपल्याएवढाच होता, मग वर्चस्व कसलं, असंही आपण विचारता. वर्चस्व हिश्श्यात मोजायचं की वर्षानुवर्षं तोटा सोसण्याच्या ताकदीत? आयोगाने ताकद पाहिली, आणि माझ्या मते योग्यच केलं. दोन सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, हे आपल्या वतीने सांगायला हवं.

प्रतिस्पर्धी संत नव्हता, हेही खरं. त्याच समूहाच्या एनएसईएल या वस्तूबाजारात 2013 साली गुंतवणूकदारांचे सुमारे 5,600 कोटी अडकले. पण तो हिशेब निराळ्या कायद्याचा; त्याने आपली माफी पावन होत नाही.

एक शंका उरते. दान हाच स्वभाव असेल, तर ते शेअर-वायद्यांच्या विभागात का पोचलं नाही? तिथे गिऱ्हाईक पळवणारा कोणी नव्हता, म्हणून? खुलासा पाठवावा, टपालखर्च आम्ही सोसू.

आपला,
पूर्ण शुल्क भरणारा एक ग्राहक