मूठभर मांस

बाजारातून आणलेली सुरी आमच्या घरात थेट भाजीवर जात नाही. आधी ती माझ्याकडे येते. मी ती हातात धरतो, डोळे मिटतो आणि "हं" म्हणतो. मैफलीत पहिल्या रांगेतले लोक काढतात, त्याच जातीचा हा "हं" आहे. मग सुरी जप्त होते आणि घरातले कांदे जुन्या बोथट सुरीखाली चेंगरून मरतात.

माझी तक्रार मात्र खरी आहे. कारखान्यातून निघणारी मूठ हातात बसावी म्हणून केलेली नसते, खोक्यात बसावी म्हणून केलेली असते. लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या, मधे पात्याचं शेपूट, तीन रिवेट, झालं. शेपटाची कड लाकडाच्या केसभर वर आलेली, ती नेमकी अंगठ्याच्या बुडाशी रुतते. पावभर भेंडी चिरताना कळत नाही. पंगतीचा कांदा चिरायला बसलं की कळतं. तर मी ती कड कानशीने उतरवतो, कोपरे मारतो, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, 120, 220 असं करत 400 वर जातो. मधे एकदा लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं. दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासायचे. नाहीतर पहिल्याच धुण्यात मूठ खरखरीत होते. ही माहिती मी न विचारता देतो. पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात.

आकार हा तर माझा खास प्रांत. गोल मूठ हातात फिरते. लंबगोल मूठ न बघता सांगते की धार कुठल्या बाजूला आहे. कुऱ्हाडीचा दांडा म्हणूनच गोल नसतो. मधे थोडं पोट, पात्याकडे बारीक मान आणि बुडाला जाडसर बोंड, म्हणजे हात मागे सटकत नाही. यातली मान आणि बोंड मी मल्लखांबावरून उचलली आहेत, आणि आता विषय निघालाच आहे तर थांबवत नाही.

अमरावतीच्या माणसाला मल्लखांबावर बोलायला निमित्त लागत नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्या गावात. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे जाऊन देशी खेळ दाखवले. त्यात माझं कर्तृत्व एवढंच की मीही याच गावात राहतो. पण सांगताना आवाज असा लागतो, की खांब खांद्यावर टाकून बर्लिनला मीच नेला होता. अंगावर मूठभर मांस चढतं ते वेगळंच. तर खांब सागाचा किंवा शिसवाचा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, आणि वर त्याला एरंडेल चोळायचं. विचार करा! ज्या लाकडाला माणूस मांड्यांच्या पकडीवर उलटा लोंबकळणार, त्यालाच तेल! कातडं सोलून निघू नये म्हणून. यावरून मी सिद्धांत काढला: लाकूड जितकं गुळगुळीत, तितकी पकड अस्सल. लहानपणी मीही खांबाला भिडलो होतो. खांबाने मला मानेपर्यंत येऊ दिलं नाही, अंगावरूनच परत पाठवलं. तेव्हा माझा मल्लखांबाचा अभ्यास अंगापुरता सखोल आहे.

मुठीला मात्र एरंडेल चालत नाही. ते वाळतच नाही. जवसाचं तेल लागतं. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं, आणि त्या भानगडीत तापतंही. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून आमच्या गॅलरीत दोरीवर चिंध्या पसरलेल्या असतात. "अहो, जवसाचं तेल ठेच्यावर घ्यायचं असते," बायको म्हणते, "लाकडाले पाजायचं नसते." ती अकोल्याची. अमरावतीच्या पावसाळ्यात हे तेल वाळता वाळत नाही. अकोल्याच्या मे महिन्यात, 46 अंशांत, काम चटकन होतं. जावई भर मे महिन्यात आपणहून अकोल्याला येतो, यावरून सासरच्यांनी काय ते ओळखायला हवं होतं. त्यांनी प्रेम ओळखलं.

शिवाय वाट चांगली. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला आणि गिनीजमध्ये नोंद झाली, तो हाच रस्ता. गुळगुळीतपणाचा जागतिक विक्रम नेमका माझ्या सासुरवाडीच्या वाटेवर व्हावा, हा मी शकुनच मानतो. सासूबाईंची पावशी तेवढी माझ्या तावडीतून सुटली. तिला मूठच नाही. पातं जागेवर उभं, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात भाजीला मोकळे. ज्या कुणा बाईने हे काढलं, तिने माझ्यासारख्यांचा पुरता बंदोबस्त करून ठेवला आहे.

ऑक्टोबरात गेलो तेव्हा सासऱ्यांच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालू होती. एकराच्या भावाने, गुत्त्याने. एका बाईच्या विळ्याकडे माझं लक्ष गेलं. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली. अंगठ्याखाली दोन वेढे जास्त, पात्याकडे एकच, आणि बुडाशी करंगळीला अडेल अशी जाड गाठ. पोट, मान, बोंड. मी थैलीतून माझी नवी सुरी काढून तिच्या हातात दिली. तिने ती एकदा दाबली, उलटी केली.

"लय चिकनी हाय, भाऊ. घाम आला का सटकते. कायले घासली येवढी?"

1990 साली अमेरिकेत सॅम फार्बर यांनी, पत्नी बेट्सीची बोटं संधिवाताने दुखायची म्हणून, जाड, रबरासारख्या मऊ मुठीची सोलणी बाजारात आणली. ऑक्सोची ती सोलणी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसली. इथे पंक्चरवाल्याकडची टाकाऊ पट्टी तेच काम करत होती, आणि करणारीला पुढची पात धरायची घाई होती. वाळलेल्या शेंगांची टोकं सुईसारखी असतात. तिच्या बोटांवर जुन्या घट्ट्यांमध्ये ताजे ओरखडे होते. एकराचा भाव ठरतो तेव्हा त्यात हे कुणी धरत नाही, माझ्या सासऱ्यांनीही धरलं नव्हतं, आणि मीही त्यांच्याशी यावर बोललो नाही. जावयाने कशावर बोलायचं नसतं याची यादी मला पाठ आहे.

"मी तुमच्या विळ्याची मूठ नीट करून देऊ का?" असं मात्र विचारलं. सवय.

"मूठ राहू द्या. कानस हाय न थैलीत? धार लावून द्या."

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा असता तर धार लावायची पाळी आली नसती. पण हे साधे होते, आणि बघता बघता सगळ्या बायांचे विळे माझ्यापुढे येऊन पडले. दुपारभर मी बाभळीखाली बसून कानस ओढली. एकीने माझी धार अंगठ्यावर तपासून विळा परत टाकला, "अजून घासा" म्हणाली.

घरी कुणीतरी माझी चौकशी करायला आलं होतं. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "जवाईबापू आराम करून रायले."