मांडणीकार महाशयांना खुले पत्र

रा. रा. मांडणीकार महाशय,
स. न. वि. वि.

आपण सजवलेला चित्रसंग्रह पदरमोड करून घेतला. मुखपृष्ठावर बोदोनी टाइपात घेतलेलं शीर्षक इतकं देखणं, की पुस्तक उघडलं नसतं तर आपली ओळख झालीच नसती.

आत प्रत्येक चित्राखाली चार-पाच ओळींचा मजकूर आहे. म्हणजे असावा. कारण तोही आपण त्याच बोदोनीत घेतलात, जेमतेम सात पॉइंटात, वर रिव्हर्समध्ये: काळी पट्टी, पांढरी अक्षरं. बोदोनीची उभी रेघ धष्टपुष्ट, आडवी केसाएवढी. मोठ्या आकारात हाच त्याचा डौल. सात पॉइंटात काय होतं, ते आपण सवडीने भिंग लावून पाहावं. काळी शाई दोन्हीकडून पसरते, केसाएवढी रेघ गिळून टाकते आणि इंग्रजी 'ई'चा आडवा दांडा गेला की 'सी' उरतो. 'एन'ची कमान झडते, राहतात दोन खांब. एका ओळीत 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द आहे. मी त्याचे पंधरा खांब मोजले, मग संदर्भावरून शब्द ओळखला. मैफलीच्या गवयाला फलाटावर गाड्यांच्या घोषणा करायला बसवावं, तशी ही आपली रसिकता.

बिचाऱ्या जांबातिस्ता बोदोनीला दोष देऊ नका. १७६८ साली तो पार्माच्या ड्यूकच्या छापखान्यावर रुजू झाला, १८१३ साली वारला. त्याच्या अक्षरांचा नमुनाग्रंथ त्याची पत्नी मार्गेरिता हिने १८१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात रोमन टाइपच शंभरावर आहेत! हौस होतीच म्हणा. पण धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा पंच, म्हणजे अक्षराचा मूळ ठसा, वेगळा कोरावा लागे. लहान आकार कोरताना बारीक रेघ जरा जाड ठेवायची, अक्षरांत थोडी हवा सोडायची, हे कारागिराच्या हाताला ठाऊक असे. संगणकावर एकच आकृती हवी तेवढी ताणता-आवळता येते, त्यामुळे ही अक्कल वापरणं ऐच्छिक झालं. आपण तो ऐच्छिक विषय सोडलेला दिसतो.

इतरांनी सोडला नव्हता. 'हार्पर्स बझार' मासिकासाठी टाइपकार जोनाथन हेफ्लरने दिदो हा अशाच केसाएवढ्या रेघांचा टाइप आखला, तो सात आकारांसाठी सात वेळा. आयटीसी या टाइप-कंपनीची मंडळी तर पार्माला जाऊन मूळ पंच पाहून आली आणि १९९४ साली त्यांनी बोदोनी तीन रूपांत काढला: सिक्स, ट्वेल्व्ह, सेव्हन्टीटू. आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टाइपाचं नाव अभिमानाने छापलंय (तेही भिंगानेच दिसलं): सेव्हन्टीटू. महाशय, तो आकडा पॉइंटांचा आहे. मोठा आकडा म्हणजे उंची माल, असा हिशेब तिथे नसतो. आपल्याला हवा होता तो 'सिक्स' त्याच यादीत, दोन ओळींच्या अंतरावर होता. तिथवर माउस नेण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत आणि डोळे फोडून घेण्याचे काम मात्र वाचकांकडे सोपवलंत.

दुसरी आवृत्ती निघाली, तर चित्रांखालचा मजकूर 'सिक्स'मध्ये घ्यावा, पांढऱ्यावर काळा. मुखपृष्ठाला मात्र हात लावू नये. ते झकास जमलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूर्ण किंमत मोजलेला एक वाचक