आधी पाण्याचा उतार मोजा

रसायनांनी नासलेल्या जमिनींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम काढले. अशी जागा शोधायची कुणी, तपासायची कुणी आणि साफ करायची कुणाच्या पैशाने, हे त्यात लिहिलं आहे. उशीर झाला, पण बरं झालं. देशात तोवर अशा १०३ जागा नक्की झाल्या होत्या आणि त्यातल्या फक्त ७ ठिकाणी साफसफाईला हात लागला होता. रायगडकरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. रोह्याजवळचं धाटाव, महाड, तळोजा, रसायनी हे सगळे रासायनिक पट्टे आपल्या एकाच जिल्ह्यात आहेत.

संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने द्यायचा आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी. म्हणजे आपल्याकडे सगळं अलिबागच्या जिल्हा कचेरीपासून सुरू होतं. तिथल्या यादीत जागेचं नाव आलं नाही, तर पुढचं कलम कितीही कडक असो, उपयोग शून्य.

आणि यादी करणार कशावरून? रोह्यातल्या कुंडलिका नदीचं दूषण निदान डोळ्यांना दिसतं. पाण्याला रंग आला की बोंब होते, फोटो छापून येतात, बाटल्या भरून नमुने जातात. प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत ती आलीसुद्धा. जमिनीखालच्या पाण्यासाठी कोण ओरडणार? ते कुठे चाललंय हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायची रीत मात्र साधी आहे. एका सरळ रेषेत नसलेल्या तीन विहिरी घ्यायच्या. प्रत्येकीच्या कठड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची. एकाच दिवशी तिन्हींत टेप सोडायची, पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते बघायचं आणि वजाबाकी करायची. जिथे पातळी जास्त, तिथून कमी पातळीकडे पाणी जाणार. वहीच्या एका पानावर बाण काढता येतो.

आपल्या कोकणात तेवढ्यावर भागत नाही, हेही खरं. वर माती, मग मुरूम, खाली काळा कातळ. मुरुमातून पाणी पाझरतं, पण कातळात ते फटी धरून पळतं. कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली राहते आणि लांबची बोअर नासते, असं होऊ शकतं. त्यात रोह्याची गोष्ट आणखी वेगळी. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं मुळशी धरणाचं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून ती भर वैशाखातही वाहती असते. मे महिन्यात विहिरी खोल जातात आणि नदी वर राहते. तेव्हा काठाजवळ नदीचं पाणी जमिनीत शिरू शकतं. पावसानंतर तोच प्रवाह उलटा, जमिनीतून नदीकडे. एकाच मोसमात मोजून काढलेला बाण म्हणूनच फसवा ठरेल. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही हवेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. पण ते जाळं पाणी किती आहे हे बघण्यासाठी टाकलेलं. एका औद्योगिक वसाहतीभोवती काय सरकतंय हे बघायचं तर तिच्या चारही बाजूंना खास विहिरी हव्यात, उथळ आणि खोल दोन्ही.

पेणच्या खारेपाटाला भूजल हातचं गेलं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. वाशी-शिर्कीकडे जमिनीखाली खारं पाणी. हेटवणे धरण पेण तालुक्यातच, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि खारेपाटातल्या बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. पण खारं पाणी निदान जिभेला कळतं. पहिल्याच घोटाला माणूस थुंकून टाकतो. कारखान्यातली क्लोरीनयुक्त द्रावकं तशी नाहीत. ती पाण्यापेक्षा जड, तळाला बसतात, कातळाच्या फटीत अडकून वर्षानुवर्षं थोडी थोडी सुटत राहतात, आणि पिण्याला घातक ठरायला लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. घरोघरी आलेलं ते पेनासारखं टीडीएस मीटर पेल्यात बुडवा. ते क्षार मोजतं. आकडा दीडशे आला की आपण खूश. द्रावकांबद्दल त्या आकड्यात एक अक्षर नसतं.

म्हणून धाटावच्या पंचक्रोशीत नुसती टीडीएसची तपासणी ही तपासणी धरू नये. ज्या वसाहतीत जी रसायनं बनतात आणि वापरली जातात, ती नावं घेऊन पाणी तपासा. भूजलाला हात लावायचा अधिकार नाही ही सबबही चालणार नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात जमिनीखालचं पाणीही धरलेलं आहे.

घाई आणखी एका कारणासाठी. नव्या नियमांत दोषी ठरवायचं काम प्रदूषण मंडळाकडे आहे. पण तोवर प्लॉट विकले जातात, कंपन्यांच्या पाट्या बदलतात, जुने कामगार गाव सोडतात. कोणत्या प्लॉटवर कोणत्या साली काय बनत होतं, हे एमआयडीसीच्या फायलींतून आत्ताच काढा आणि विहिरींच्या नोंदींबरोबर ग्रामपंचायतीत लावा, मराठीत, नकाशासकट. पहिली नोंद येत्या मे महिन्याची असू दे, पाऊस पडायच्या आतली.