सोळा वॅटची ऊब, तीन मिलिवॅटचं गाणं

सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन २००३ साली बाजारात आला. तो चांगला आहे याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. दुमत सुरू होतं ते पुढच्या वाक्यापासून. 'हेडफोन उत्तमच आहे हो, पण त्याला साजेसा ॲम्प हवा.' हे वाक्य एकदा कानात शिरलं की मग दुसरं काही आत शिरत नाही. समोर भीमसेनजी पुरिया आळवत असतात आणि आपण ऐकत काय असतो, तर काय ऐकू येत नाहीये ते.

आता ॲम्प हवाच असेल, तर ट्रान्झिस्टरचा, तळहातावर मावणारा, मोजमापात नाव ठेवायला जागा नसलेला डबा मिळतो. आणला, जोडला, विषय संपला. आणि विषय संपतो हीच त्यातली खोट आहे. ज्याला गाणं ऐकायचं असतं तो हा डबा घेतो. ज्याला गाणं ऐकण्याबद्दल बोलायचं असतं तो व्हॉल्व्हकडे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांकडे, वळतो. मी कोणत्या गटातला, हे माझ्या टेबलावरच्या नारिंगी उजेडावरून आल्यागेल्याला कळतं.

वास्तविक व्हॉल्व्हचं आयुष्य कधीच उरकलेलं आहे. १९०४ साली फ्लेमिंगने तो दोन टोकांचा बनवला, १९०६ मध्ये डी फॉरेस्टने मध्ये जाळी घातली आणि दुबळा आवाज मोठा करण्याची सोय झाली. मग रेडिओ आले, लांब पल्ल्याचे टेलिफोन आले, १९४६ साली एनिॲक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक लोकांसमोर आला, त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. पण त्याच्या पुढच्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि त्याने व्हॉल्व्हला एकेका घरातून बाहेर काढलं. एवढं झाल्यावर सभ्य वस्तू संग्रहालयात जाते. हा आमच्या टेबलावर आला, आणि येताना भाव वाढवून आला.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी व्हॉल्व्हच्या उष्णतेत आणि नंतर व्हॉल्व्ह गेल्याच्या आनंदात गेली. माझा ॲम्प बघायला ते पहिल्यांदा खाली आले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो सगळ्या बाजूंनी न्याहाळला आणि मागच्या जाड्या व्हॉल्व्हवर बोट रोखलं.

"हा ६एएस७ ना रे? हा तर रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह. वीजपुरवठा सरळ ठेवायला वापरायचे. यातून तू गाणं ऐकतोस?"

"काका, याचा अंगचा रोध कमी असतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर न घालता थेट हेडफोन चालतो."

"ते ठीक. पण तापतो किती!"

हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला. या व्हॉल्व्हची आतली तार तापवायलाच ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ सोळा वॅट. गाणं अजून सुरूही झालेलं नसतं. आणि हेडफोनला काय लागतं? कंपनीच्या आकड्याप्रमाणे एचडी ६५० ला एक व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो. ३०० ओहमवर एक व्होल्ट म्हणजे तीन-साडेतीन मिलिवॅट. तेवढ्यातही कान किटतात. म्हणजे तीन मिलिवॅटचं गाणं ऐकायला आम्ही सोळा वॅटची शेगडी पेटवतो, आणि पुण्याच्या मे महिन्यात तिच्यासमोर पंखा बंद करून बसतो. का, तर पंख्याचा आवाज येतो.

तरी निवड करताना थोडं डोकं वापरावं लागतं, आणि ते योग्य ठिकाणी वापरावं लागतं. नवखा माणूस आधी ॲम्पच्या फोटोवर भाळतो, मग व्हॉल्व्हच्या नावांवर, आणि हेडफोन कोणता हे शेवटी सांगतो. क्रम नेमका उलटा आहे. आधी हेडफोनच्या ओहमचा आकडा बघायचा. एचडी ६०० आणि ६५० हे ३०० ओहमचे, बायरडायनॅमिकचा डीटी ८८० तर ६०० ओहमचाही मिळतो. अशांना ट्रान्सफॉर्मर नसलेला, म्हणजे ओटीएल पद्धतीचा ॲम्प मानवतो. ग्राडोचे बरेच हेडफोन ३२ ओहमचे. त्यातला एखादा आउटपुट इम्पीडन्स १२० ओहम असलेल्या ओटीएलला जोडला, तर व्होल्टेजचे पाचातले चार भाग ॲम्पच्याच पोटात राहतात आणि उरलेला एक भाग हेडफोनला मिळतो. त्यांना आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प हवा, किंवा पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर असा संकर. हायफायमॅनचा एचई-६ तर अशा नाजूक ॲम्पना दादच देत नाही, त्याला रग्गड ताकद लागते. हे सगळं पाच मिनिटांत समजतं. म्हणूनच आमच्यात त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

बोलणं होतं ते व्हॉल्व्ह बदलण्यावर. ॲम्प एकदाच विकत घ्यायचा असतो, पण त्याच्या सॉकेटात वर्षभर काहीतरी नवं खुपसता येतं. तिथे मग ज्ञानाला ऊत येतो. ६एसएन७ म्हटलं की एकजण विचारणार, 'करड्या काचेचा आरसीए की काळ्या काचेचा, गोल पट्ट्यांचा टंग-सॉल?' अमेरिकी नावातला पहिला आकडा तार तापवण्याचे व्होल्ट सांगतो, युरोपी नावातलं 'ई' तेच काम करतं, आणि १२एयू७ व ईसीसी८२ ही एकाच व्हॉल्व्हची दोन नावं, एवढी माहिती असलेला माणूस चहा पिता पिता प्राध्यापक होतो. आणि प्रत्येक नव्या व्हॉल्व्हनंतर तो म्हणतो, 'काय सांगू, आवाजावरचा एक पडदा दूर झाला!' मागच्या महिन्यातही एक दूर झाला होता. त्याच्या आधीही. इतके पडदे तर जुन्या संगीत नाटकात नव्हते.

या दुनियेत नावावर फार विसंबता येत नाही. मुलार्डचे नामांकित व्हॉल्व्ह इंग्लंडात लँकशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात व्हायचे. आज दुकानात कोरा करकरीत मुलार्ड मिळतो, आणि टंग-सॉलही मिळतो. दोघेही रशियात व्होल्गाकाठच्या साराटोव्हला, एकाच कारखान्यात जन्मतात. व्हॉल्व्ह वाईट नसतात, पण नाव दत्तक घेतलेलं असतं. त्या काळच्या कंपन्याही काही कमी नव्हत्या. माल कमी पडला की एकमेकींकडून घ्यायच्या आणि आपला शिक्का मारायच्या. म्हणून मुरलेले लोक छापील नाव वाचतच नाहीत. ते भिंग घेऊन काचेच्या तळाशी कोरलेली बारीक अक्षरं शोधतात. ब्लॅकबर्नच्या मालावर 'बी' हे अक्षर, मग सालाचा एकच आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग आठवडा. साल एकाच आकड्यात असल्यामुळे दशक ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने भरायचं. टेलिफंकनच्या छोट्या व्हॉल्व्हच्या बुडाला, पिनांच्या मधोमध काचेत उठवलेला हिरा असतो. तो दिसला की भल्याभल्यांचा आवाज कापरा होतो.

बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या त्या गर्दीत, मी एकदा सॉकेट घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने माझ्या प्रश्नांवरून माझा आजार ओळखला. पोऱ्याला माळ्यावर चढवलं, धुळीने माखलेलं खोकं खाली आलं आणि त्यातून एक ६एसएन७ निघाला. भाव माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरला. मी तो उजेडात धरला. माथ्यावर आतून चंदेरी मुलामा होता, आरशासारखा. ही चांगली खूण. आत हवा शिरली की हा मुलामा दुधासारखा पांढरा पडतो आणि व्हॉल्व्हचं काम तिथेच आटोपतं. पिना काळवंडलेल्या, पण सरळ. मधला प्लॅस्टिकचा खुंटा शाबूत. काचेवर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत एक थोर अमेरिकन नाव. धूळ पुसावी म्हणून मी अंगठा फिरवला, तर नाव अंगठ्यावर आलं.

"जुनी शाई आहे साहेब," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जुन्या मालाची ओळखच ती."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जुन्या व्हॉल्व्हची शाई खरोखरच पुसली जाते. नव्याने मारलेल्या शिक्क्याचीही जाते. मी पैसे दिले.

घरी आल्यावर काका हजर होते. प्लग काढून, ॲम्प थंड होऊ देऊन आम्ही व्हॉल्व्ह बदलला. काच धरून पिळायची नाही, खालचं बूड धरून किंचित डोलवत वर उचलायचं. ते काम काकांनी इतक्या सराईतपणे केलं की मला वीस वर्षांपूर्वीचे पोस्टातले शिक्के मारणारे हात आठवले. मग त्यांनी पेन्सिलीने नव्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. हेडफोनमध्ये 'टंण्ण' असा आवाज घुमला. "मायक्रोफोनिक आहे जरासा. चालेल. जोरात बोलू नकोस त्याच्यासमोर." थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही व्हॉल्व्ह बंद पडला म्हणून बदलायचो. तुम्ही लोक तो चालतोय म्हणून बदलता."

मी किशोरीताईंचा भूप लावला आणि काकांच्या कानाला हेडफोन चढवला. त्यांनी पाचेक मिनिटं डोळे मिटून ऐकलं. मग मोबाइलच्या साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर तेच ऐकलं. मग पुन्हा हे. मला त्यांचा उपहास ऐकायची तयारी होती. पण ते म्हणाले, "खर्ज भरीव आहे इथे. खरंच आहे."

मी फुलून काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी किराण्याच्या यादीचा कागद उलटा केला.

"तुझ्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स किती?"

"सुमारे १२० ओहम."

"आणि हेडफोन ३०० चा. पण तो सगळीकडे ३०० नसतो. शंभर हर्ट्झच्या अलीकडे तो चढत चढत ५०० च्या आसपास जातो. म्हणजे मधल्या सुरांना ४२० पैकी ३०० भाग मिळाले, ७१ टक्के. खर्जाला ६२० पैकी ५००, ८१ टक्के. फरक झाला एक डेसिबलचा. हा तुझा भरीवपणा. ट्रान्झिस्टरचा इम्पीडन्स जवळजवळ शून्य, म्हणून तिथे तो नाही." कागद घडी करून त्यांनी खिशात टाकला. "यात अध्यात्म काही नाही. भागाकार आहे."

मला बरोबर ठरवूनही हा माणूस माझा अपमान करून गेला. माझा कान खरा निघाला, पण ज्याला मी आत्मा समजत होतो तो किराण्याच्या यादीमागे मावला.

मात्र एक गोष्ट काकांच्या भागाकारात बसत नाही, आणि ती गाणाऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे. साध्या ट्रायोड, म्हणजे तीन टोकांच्या व्हॉल्व्हच्या, ॲम्पमध्ये मूळ ध्वनीत जी भर पडते, तीत दुपटीच्या कंपनाचा वाटा मोठा असतो. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे तार पंचम. म्हणजे यंत्रशास्त्राच्या भाषेत जी विकृती, तिची पहिली दोन पावलं नेमकी आपल्या सप्तकातच पडतात. म्हणून ती कानाला टोचत नाही, भरल्यासारखी वाटते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा हेच करतात. घोडीवर तार कुठे टेकेल ते कानशीने ठरवायचं, तिच्याखाली सुताचा धागा सरकवायचा आणि एकाच तारेतून वरचे सूर उमलवायचे. तंबोऱ्याला 'तू शुद्ध साईन वेव्ह दे' असं कोणी म्हणत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पनेही शुद्धतेचा दावा करू नये. तो करतही नाही, विकणारे करतात. सेनहायझरने १९९१ च्या ऑर्फियस हेडफोननंतर एचई १ हा त्याचा वारस आणला. कॅराराच्या संगमरवरी ठोकळ्यातून आठ व्हॉल्व्ह वर येतात आणि तो आला तेव्हा किंमत होती सुमारे पन्नास हजार युरो. तिथेही त्या आठांच्या आत तप्त तार, जाळी आणि पट्टी यांखेरीज काही नाही.

तेव्हा ज्यांना या वाटेने जायचंच आहे त्यांनी एवढं करावं. हेडफोन आधी ठरवावा. दोन-तीनशे ओहमच्या वरचा असेल तर ओटीएल, तीस-पन्नासचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला किंवा संकरित. पैसे ॲम्पमध्ये घालावेत, व्हॉल्व्हमध्ये नव्हे. चालू उत्पादनातला एक बरा संच आणि एक जास्तीचा, एवढ्यावर थांबावं. व्हॉल्व्ह बदलताना प्लग काढून थोडा वेळ वाट पाहावी, कारण आत दीड-दोनशे व्होल्टच्या पुढचं काहीतरी कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेलं असतं आणि त्याला आपली रसिकता कळत नाही. आणि जुन्या व्हॉल्व्हवर जे पैसे उडणार होते, त्यातून डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट काढावं. तिथे हजारो माणसं भोंग्यांतून येणारं गाणं पहाटेपर्यंत नाही तरी रात्रीपर्यंत ऐकतात, आणि मागचा ॲम्प व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा हे विचारायला एकही जण उठत नाही.