नुसतं खेळवायचं तर असतंय!

(पात्र एकच: अंगणवाडी सेविका, वय पन्नाशीच्या आसपास. ठिकाण: मंगळवार पेठ, कोल्हापूर. एका तालमीनं अंगणवाडीला दिलेली खोली. भिंतीवर लंगोटातल्या पैलवानांचे जुने फोटो, त्यांच्याखाली मुळाक्षरांचा तक्ता. कोपऱ्यात गदा. एक खुर्ची, लोखंडी पेटी, वजनकाटा, वह्यांचा ढीग. समोरचे प्रेक्षक म्हणजे जून महिन्यात मुलांची नावं घालायला आलेले पालक. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं बाई ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. ते सुधारू नये.)

बसा, बसा. सतरंजीवर बसा. खुर्ची एकच हाय आणि तिच्यावर वह्या बसल्यात.

आत्ता आत येताना कुणीतरी म्हणालं, ‘बाईंचं काय, नुसतं खेळवायचं तर असतंय.’ कोण ते? हात वर करा. (थांबून) राहू द्या, आवाजावरनं ओळखलंय. तुम्हीबी माझ्याच हाताखालनं गेलायसा. तुमची चड्डी मी बदलल्या. आता मिशा फुटल्या म्हणून काय झालं?

नुसतं खेळवायचं! या एकदा पहिल्या आठवड्यात. पहिलं पोरगं रडतंय आई गेली म्हणून. दुसरं रडतंय पहिलं रडतंय म्हणून. तिसरं रडतंय, आपल्याकडं कुणी बघंना म्हणून. आणि आई? ती दाराबाहेर उभी राहून रडत्या. तिला आमच्या मदतनीस मावशी गप्प करत्यात. मग आईला गप्प करता करता मावशीच रडाय लागत्यात.

त्यात ही खोली तालमीची. एक पोरगं रडायचं थांबलं, वर बघितलं आणि मला विचारलं, “बाई, ह्या काकांनी कपडे का घातल्यात न्हाईत?” आता काय सांगू? म्हटलं, “त्यांची आई आणाय गेल्या.” तवापासनं ते रोज आल्याआल्या फोटो बघतंय आणि विचारतंय, “अजून आली न्हाई?”

(पदराला हात पुसत) हे काय आज निघालेलं काम न्हाई बरं का. आमची योजना, एकात्मिक बालविकास सेवा योजना, सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला. आणि तिच्याही आधी, 1945 साली, ताराबाई मोडकांनी तिकडं बोर्डीला काम मांडलं. अनुताई वाघ जोडीला. बालवाडी काढली, तर पोरं येईनात. कोण शेरडं राखतंय, कोण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलंय. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि पोरांच्या अंगणात नेऊन ठेवली.

मी म्हटलं, आपणबी नेऊया. पिशवीत मणी, ठोकळे, चित्रं घेतली आणि गेलो गल्लीत. गल्लीत फुटबॉल. मंगळवार पेठेतलं पोर आधी लाथ मारतंय, मग रांगतंय. मला बघून म्हणाली, “बाई, बरं झालं आलायसा. गोलात उभ्या राहा.” राहिलो. काय करणार? पहिला बॉल पिशवीवर आला, मणी सगळ्या गल्लीभर. ती पोरं आणि मी, तासभर मणी वेचत होतो. लाल वेगळे, हिरवे वेगळे. (अचानक) आता ह्याला काय म्हणायचं, खेळ का अभ्यास? तुम्हीच सांगा.

बेरीज शिकवायला मला पुस्तक लागत न्हाई. म्हटलं, “पाटाकडीलनं दोन गोल मारले, बालगोपालनं एक मारला, एकूण किती?” एक पोरगी म्हणाली तीन. बरोबर! दुसरं पोरगं हमसून हमसून रडाय लागलं. “का रे?” “तो एक ऑफसाईड होता!” दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. मला वाटलं भांडाय आलाय. तर म्हणतोय, “बाई, पोरगं बरोबर बोलतंय. ऑफसाईडच होता.”

सामान्यज्ञान तर विचारूच नका. चित्र दाखवलं गाईचं. “ही आपल्याला काय देते?” सगळी गप्प. म्हटलं, “दूध रे!” एकजण उठला. “न्हाई बाई. दूध म्हस देत्या.” बरोबरच हाय. गंगावेशीत बापाच्या खांद्यावर बसून धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावलेलं पोर ते. त्याला गाय कोण सांगणार? “आणि म्हशीशिवाय कोण देतंय?” “गोकुळ!”

आपल्या शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण काढलं. पोर शाळंत धाडलं न्हाई, तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. 1917 चा रुपया! नुसता ऐकूनच पोरं पळत शाळंत गेली असतील. आता दंड गेला, खिचडी आली. मला विचाराल तर दंडच बरा होता. खिचडी ताटलीत वाढली की ही पोरं वास घेत्यात आणि विचारत्यात, “बाई, कट न्हाई?” तीन वर्षांचं पोर! खिचडीवर कट मागतंय!

(एक वही उचलून) आणि हे बघा. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. त्यात लिहिलंय की माणसाच्या मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होत्या. परत ऐका. 85 टक्के! म्हणजे 85 टक्के मेंदू माझ्याकडं, ह्या सतरंजीवर. उरलेल्या 15 टक्क्यांवर पुढं शाळा, कॉलेज, क्लास, सगळे जगत्यात. कॉलेजचे सर भेटले परवा मिरजकर तिकटीला. म्हटलं, “सर, 15 टक्क्यांचा पगार किती पडतोय?” ते घाईत होते.

(वजनकाटा ओढून पुढे आणते.) आता हे. महिन्याला प्रत्येक पोराचं वजन. सोपं वाटतंय न्हवं? आजी नावाची बाई बघितल्या का तुम्ही? एक आजी नातवाला पदराखाली घेऊनच आल्या. “वजन नगं.”

“का ओ आजी?”

“दृष्ट लागत्या. मागल्या बारीला केलंस, पोरगं तापानं फणफणलं.”

“आजी, पाऊस होता. समदी पेठ फणफणली होती.”

“मग समद्या पेठेचं वजन केलं असशील तू.”

आता हिच्याशी काय वाद घालणार? म्हटलं, बरं. पोराचं नको. तुम्ही त्याला कडेवर घ्या आणि काट्यावर उभ्या राहा. आजी खूश. चढल्या. आकडा लिहिला. मग म्हटलं, आता पोराला खाली ठेवा आणि एकट्या उभ्या राहा. आजींनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर बाजारहाट केलेली बाई. वजाबाकी तिच्या ध्यानात आली. पण तोवर उशीर झालता. गपकन जवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, “पोराचं काय लिहायचं ते लिही. माझं गल्लीत सांगू नगंस.”

आजवर सांगितलं न्हाई. (बोटं वर करून आकडा दाखवायला लागते, मग चटकन मूठ झाकते.) न्हाई.

पोराचं वजन मात्र कमी भरलं. वाढीच्या तक्त्यावर ठिपका हिरव्यातनं खाली पिवळ्यात. दाखवला. आजी म्हणाल्या, “ह्याचा बापबी असाच होता.” बापाचा तक्ता काढला. माझ्याचकडं होता तो. बाप हिरव्यात! मग हळूहळू बाहेर आलं की पोराला कोपऱ्यावरच्या दुकानातली पाच रुपयाची पुडी दिवसाला तीनदा मिळत्या, आणि ती आजीच देत्या, रडू नये म्हणून. मी काही बोललो न्हाई. तिसऱ्या महिन्यात ठिपका वर सरकला. आजी म्हणाल्या, “बघ, मी दृष्ट काढली.” म्हटलं, “तुम्हीच काढली आजी.”

(मोबाईल काढते.) हे आमचं दुसरं लेकरू. सहा वर्षांची पोरं पहिलीत जात्यात, हे कधीच मोठं होत न्हाई. आधी दिलेले फोन सारखे अडकायचे, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोनच परत नेऊन दिले. आता नवी तऱ्हा. घरी न्यायचा आहार द्यायचा तर आईचा चेहरा फोनला दाखवायचा. फोनला ओळख पटली तरच पाकीट.

बाळंतीण आली. फोन म्हणतोय, ही ती न्हवं. बरोबर हाय, नाव नोंदवलं तवा ती रात्रीची झोपत होती! म्हटलं, “डोळे उघड.” उघडले. “आता मिचकव.” मिचकवले. मागनं सासू आली. “बाई, माझ्या सुनंला डोळा माराय शिकवतासा व्हय?” म्हटलं, “मी न्हाई मावशी, सरकार शिकवतंय.” मग सासू फोनपुढं वाकली, “बघू कसला हाय हा,” आणि फोननं सासूचा चेहरा पकडला.

पेठेत कुणाला दिवस गेलेत, कुणाचं बाळ आडवं हाय, कुणाची लस चुकल्या, सगळं माझ्या वहीत. कधीकधी नवऱ्याच्या आधी मला कळतंय. एकजण मला रस्त्यात थांबवून म्हणाला, “बाई, पेढे घ्या, एक गोड बातमी हाय.” माझ्या तोंडातनं गेलं, “तिसरा महिना न्हवं?” त्यानं पेढा परत घेतला.

आणि पोलिओ. आणि सर्व्हे. आणि मतदार यादी. असू दे, त्याचं नंतर कधीतरी.

डिसेंबर 2023 मध्ये आम्ही संपावर गेलो. अख्ख्या महाराष्ट्रातल्या सेविका, मदतनीस. पहिले चार दिवस पेठ म्हणाली, जरा आराम करा. जानेवारी उजाडला तशी माणसं घरी याय लागली. त्याच आजीबाई आल्या. “कवा उघडतासा?” म्हटलं, “मागण्या मान्य झाल्या की.” “काय मागण्या हाईत? मी सही करतो! पोरगं दिवसभर घरात हाय, आता मीच संपावर जातो!” नुसतं खेळवायचं तर होतं की आजी!

(वह्या खाली ठेवून खुर्चीवर बसते.) आणि मग आला 2024 चा जुलै. लाडकी बहीण! महिन्याला 1,500 रुपये. फॉर्म कोण भरणार? बाई. रांग तालमीपासनं पार कोपऱ्यापर्यंत. ज्या बाईनं “आमचा सोन्या इंग्लिश मीडियमला जाणार” म्हणून माझ्याकडं बघायचं सोडलं होतं, ती सगळ्यात पुढं. “काय म्हणतायसा बाई, तब्येत काय म्हणत्या?” मी वर न बघताच म्हटलं, “आधार.”

आता फॉर्म भरू का पोरं बघू? पोरं मागं, माझ्या पाठीला. गोंधळ नाही, रडारड नाही. मला शंका आली. पोरं गप्प असली की समजायचं, कुठंतरी पाणी सांडलंय. वळून बघतो तर...

(उठते. आवाज बारीक होतो.) छकुली. चार वर्षांची. माझी जुनी वही उलटी धरून पेटीवर बसलेली. हातात माझ्या चष्म्याचं घर, तोच शिक्का. आणि तिच्यापुढं रांग! सगळी पोरं एकामागं एक. प्रत्येकाच्या हातात एकेक चप्पल.

“आधार आणलाय?”

“हे घ्या.”

“ही चप्पल हाय. आधार आणा. झेरॉक्स दोन.”

पोरगं गेलं आणि दोन चपला घेऊन आलं. धप्प! शिक्का. “पुढचा!” एक पोरगं मधीच घुसाय लागलं. “मी तालमीचा हाय.” छकुलीनं मान वर केली न्हाई. “सर्व्हर डाऊन हाय. जेवून ये.”

(स्वतःच्या आवाजात, भराभरा) अहो, नंबर लावायला मी घसा फोडत होतो. एकाला एकच द्यायचं, दुसऱ्याला दुसरं. आमच्या पुस्तकात त्याला ‘एकास एक संगती’ म्हणत्यात. बिया आणि वाट्या घेऊन शिकवलं, डोक्यात शिरंना. आणि इथं एकेक पोर, एकेक चप्पल, एकेक शिक्का, चूक न्हाई! मला आनंदानं काय करू कळंना. मी रांगेतल्या बायकास्नी म्हटलं, “बघा, बघा की!” त्या म्हणाल्या, “बाई, माझा ओटीपी आलाय, लवकर घ्या.”

आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या. तपासणीला. न सांगता. बायकांच्या रांगेतनं वाट काढत आत आल्या आणि छकुलीपुढं उभ्या राहिल्या.

“ओ, रांगेत.”

“बाळ, मी अधिकारी आहे.”

“अधिकारी असा न्हाईतर पैलवान असा. नंबर घ्या.” मग वरपासनं खालपर्यंत बघितलं. “लाडकी हायसा का?”

मॅडम काही बोलल्या न्हाईत. मला वाटलं, हसतील. त्यांनी भेटीची वही मागितली, पेन काढलं, शेरा लिहिला. (वही उघडून वाचते.) ‘पूर्वशालेय शिक्षण चालू नव्हते. मुले खेळत होती.’ खाली सही.

वही माझ्याकडं आली, तर मधीच छकुलीनं ओढली. “मी बाई हाय, मला सही पायजे.” आणि मॅडमच्या सहीशेजारी तिनं एक गोल काढला. आता तुम्हाला वाटंल, गोलाचं काय एवढं? अहो, गेले कित्येक महिने तिची रेघ सुटायची. कुठनं तरी निघायची आणि भिंतीवर जायची, पैलवानाच्या पायापर्यंत. त्या दिवशी पहिल्यांदा, जिथनं निघाली तिथंच येऊन टेकली.

मॅडम ओरडल्या, “अहो बाई, सरकारी वहीत रेघोट्या!”

म्हटलं, “मॅडम, रेघोट्या तुमच्या हाईत. तिची सही वाचता येत्या.”

(अंधार.)